४८के स्पेक्ट्रमवर ‘चेकर्ड फ्लॅग’ : लोडिंगची कटकट, बोर्डाची तपासणी आणि रस्ता काढायची युक्ती

तांबडीनिळी (धागाकर्ता)

मंडळी, मशीन सिंक्लेअर झेडएक्स स्पेक्ट्रम प्लस, ४८के (४८ किलोबाइट मेमरीचा जुना घरगुती कॉम्प्युटर). टीव्हीला कॉम्पोझिटने जोडलंय. गेम ‘चेकर्ड फ्लॅग’, कार रेसिंगचा, सायऑनचा, १९८३चा. फोनवरून वेव्ह फाइल वाजवून लोड करतोय. अल्टिमेटचा ‘ट्रान्झ ॲम’ बिनतक्रार लोड होतो आणि चालतोही. ‘चेकर्ड फ्लॅग’ मात्र दोन तऱ्हांनी दगा देतो. कधी मध्येच ‘आर टेप लोडिंग एरर’. कधी लोड पूर्ण होतं आणि स्क्रीन एकदम पांढरा होऊन सिंक्लेअरचा १९८२चा कॉपीराइट संदेश परत हजर.

आधी काय तपासू? मेमरीच्या चिपा बदलायला घ्यायच्या का? आणि गेम चालू झालाच तर गाडी कुठली निवडावी, कशी हाकावी, तेही इथेच सांगितलंत तर धागा पुढच्यांच्याही उपयोगी पडेल.

सोल्डरकाका

चिपांना एवढ्यात हात लावू नका. लक्षणं दोन आहेत आणि त्यांची कारणंही बहुधा दोन आहेत, ती आधी वेगळी करा.

टेप लोडिंग एरर मेमरीमुळे सहसा येत नाही. रॉममधलं (मशीनमध्ये कायमचं भरलेलं) लोडिंगचं रुटीन पॅरिटी (बिटांचा ताळा) मोजतं ती टेपवरून ऐकलेल्या बिटांची. बाइट मेमरीत नीट बसला की नाही हे ते परत वाचून बघतच नाही. म्हणजे वरची ३२के मेमरी पूर्ण मेलेली असली तरी लोड सुखरूप पार पडेल आणि गेम सुरू व्हायच्या क्षणी मशीन कोसळेल. तेव्हा ‘आर’ एरर आली तर आवाजाकडे बघा. लोड झाल्यावर रीसेट झालं तर मेमरी नाहीतर पॉवर.

‘ट्रान्झ ॲम’ चालतो यावरून फार काही सिद्ध होत नाही. तो १६केचा गेम आहे, रॉम कार्ट्रिजवरही निघाला होता. त्याला खालची १६के पुरते. ‘चेकर्ड फ्लॅग’ला पूर्ण ४८के लागते.

मशीन चालू केल्याबरोबर हे टाइप करा :

प्रिंट पीक २३७३२ + २५६ * पीक २३७३३

(पीक म्हणजे त्या पत्त्यावरचा आकडा वाचणं. प्रिंट ‘पी’वर. पीकसाठी एक्स्टेंड मोड दाबून सोडा, मग ‘ओ’.)

उत्तर ६५५३५ आलं तर रॉमच्या मते सगळी मेमरी शाबूत. ३२७६७ आलं तर वरची ३२के दिसतच नाही. मधलाच आकडा आला तर साधारण त्या पत्त्यावर दोष आहे. चालू होताना रॉम वरून खाली प्रत्येक बाइटमध्ये २ लिहितो, मग खालून वर जात प्रत्येक बाइट दोनदा एकेकाने कमी करून शून्यावर येतो का ते पाहतो. जिथे हिशेब चुकतो तिथे मेमरी संपली असं धरतो. ही तपासणी वरवरची असते. तापल्यावर बिघडणारी चिप तिच्या तावडीत सापडत नाही.

म्हणून पुढची पायरी. आधी ‘क्लिअर ३२७६७’ द्या. हे विसरलात तर बेसिकचा स्वतःचा स्टॅक (तात्पुरत्या नोंदींची जागा) तुमच्याच पोकखाली (पोक म्हणजे मेमरीत आकडा लिहिणं) चिरडला जाईल आणि चांगली मेमरीही खराब वाटेल. मग ३२७६८ ते ६५५३५ सगळीकडे ८५ लिहा. पूर्ण लिहून झाल्यावर दुसऱ्या लूपने वाचा, वेगळं काही आलं तर पत्ता आणि किंमत छापा. तेच १७०ने करा. बायनरीत ८५ म्हणजे ०१०१०१०१ आणि १७० म्हणजे १०१०१०१०, त्यामुळे प्रत्येक बिट दोन्ही अवस्थांत तपासला जातो. बेसिक संथ आहे, काही मिनिटं लागतात, लागू देत. मशीन अर्धा तास तापवून हीच चाचणी परत घ्या.

दर वेळी एकच बिट चुकत असेल तर एकच चिप गेली आहे, ती आयसी १५ ते २२ यांपैकी. कोणता बिट कोणत्या चिपचा ते सर्किट डायग्रॅमवरून जुळवा. सगळीच ३२के गायब असेल तर आठच्या आठ चिपा एकदम मेल्या असण्यापेक्षा त्यांच्या आजूबाजूचं लॉजिक गेलं असण्याची शक्यता जास्त. आयसी २३ (७४एलएस३२), २४ (७४एलएस००), २५ आणि २६ (७४एलएस१५७). चारही स्वस्त आणि अजून बाजारात मिळतात.

अर्थिंगराव

काकांना +१. पण मी मेमरीच्याही आधी मल्टिमीटर लावेन.

स्पेक्ट्रमचा मूळ अडॅप्टर ९ व्होल्ट डीसी, १.४ अँपिअर, आणि *मधली पिन निगेटिव्ह*. आज दुकानात मिळणाऱ्या बहुतेक ९ व्होल्ट अडॅप्टरांची मधली पिन पॉझिटिव्ह असते. बोर्डावर उलट जोडणीपासून संरक्षण नाही. एकदा उलटा लावला की टीआर४ आणि टीआर५ या ट्रान्झिस्टरांभोवतीचा छोटा कन्व्हर्टर जातो. तोच खालच्या १६केला +१२ आणि −५ व्होल्ट देतो. −५ नाहीसा झाला आणि +१२ राहिला तर तिथल्या ४११६ मेमरी चिपा स्वतःच जळत जातात. तुमच्याकडे कॉपीराइट संदेश येतोय, म्हणजे तिथे बहुतेक ठीक आहे. तरी मोजून घ्या. ४११६वर १ नंबरच्या पिनवर −५, ८वर +१२, ९वर +५ आणि १६ ग्राउंड. वरच्या मेमरीच्या चिपांना फक्त +५ लागतो, तो ८ नंबरला. यामुळेच खालच्या जागेत ४१६४ (फक्त +५वर चालणारी मेमरी चिप) तशीच ठोकून देऊ नका, १२ व्होल्ट थेट तिच्या पुरवठ्यावर जातील.

आता खरा संशय. बोर्डाला ५ व्होल्ट देणाऱ्या ७८०५ रेग्युलेटरला आत किमान ७ व्होल्ट हवेत, तेही रिपलच्या (व्होल्टेजच्या चढउताराच्या) खालच्या टोकाला. जुना अडॅप्टर ट्रान्सफॉर्मरवाला, अनरेग्युलेटेड. घरातला व्होल्टेज जितका पडेल तितकंच त्याचं आउटपुट पडतं. २३०चे १९० झाले तर ९चे ७.४ राहतात. त्यातून रिपल वजा करा. इंग्लंडचा मूळ अडॅप्टर तर २४०चा, म्हणजे आपल्याकडे तो मुळातच ४ टक्के कमी. संध्याकाळी पंप सुरू झाले की गावाकडे काय होतं ते वेगळं सांगायला नको. मशीन निवांत असताना चालतं, गेमने जोर लावला की रीसेट. अगदी तुमचंच लक्षण.

मीटर डीसीवर ठेवून ७८०५च्या इनपुटला मोजा, मशीन चालू असताना. ८च्या वर हवं. आउटपुट ४.८५ ते ५.१५मध्ये हवं.

तांबडीनिळी

पीकचं उत्तर ६५५३५. ८५ आणि १७० दोन्ही चाचण्या गार आणि गरम, दोन्ही वेळा स्वच्छ. ७८०५च्या इनपुटला ७.३, आउटपुट ४.९च्या आसपास डळमळतंय. अडॅप्टर मूळ नाही, ९ व्होल्ट १ अँपिअरचा साधा ट्रान्सफॉर्मरवाला आहे, पोलॅरिटी उलटवून घेतलेली.

अर्थिंगराव

सापडला. १ अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर या भाराला अपुरा आहे.

९ व्होल्ट २ अँपिअरचा रेग्युलेटेड स्विचिंग अडॅप्टर घ्या, चांगल्या प्रतीचा. जॅक ५.५ बाय २.१ मिमी. पोलॅरिटी बदलणारी वायर मध्ये घाला आणि बोर्डाला लावण्याआधी मीटरने दोनदा बघा. वायरवर टेप गुंडाळून ‘मध्य निगेटिव्ह’ असं लिहून ठेवा, नाहीतर पुढच्या वर्षी कुणीतरी ती काढून दुसऱ्याच यंत्राला लावेल.

७८०५ तसाच ठेवलात तरी चालेल. बोर्ड ०.७ अँपिअर ओढतो असं धरलं तर ९ व्होल्टवर तो (९−५)×०.७ म्हणजे २.८ वॉट नुसती उष्णता करून टाकतो. जुन्या अनरेग्युलेटेडवर इनपुट ११.५ असेल तर साडेचार वॉट. स्पेक्ट्रमचा उजवा भाग तापतो तो याच्यामुळे. ट्रॅको किंवा रेकॉमचा तीन पायांचा स्विचिंग रेग्युलेटर तिथे बसतो आणि हीटसिंक गारच राहतो.

सोल्डरकाका

स्विचिंग रेग्युलेटरबद्दल माझं मत थोडं वेगळं. स्वस्तातले घेतले की कॉम्पोझिटवर तिरक्या बारीक रेषा दिसायला लागतात. चांगला घेणार असाल तर घ्या, नाहीतर ७८०५, नवी थर्मल पेस्ट आणि घट्ट स्क्रू पुरेसं आहे. बोर्ड उघडलाच आहे तर इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सगळे बदला. चाळीस वर्षांचे झालेत. आडवे, दोन्ही टोकांना वायर असलेले मिळाले तर छान. दिशा बोर्डाच्या छापावरून *आणि* जुन्या कपॅसिटरवरून, दोन्हीकडून जुळवा.

मिसळ_आणि_मेगाहर्ट्झ

मध्येच विचारतो. डीबी स्पेक्ट्रम प्लस म्हणजे हेच का? त्यावर हे गेम चालतील?

सोल्डरकाका

हो. डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने १९८६मध्ये भारतात आणलेली स्पेक्ट्रम प्लसची परवानाधारक आवृत्ती. कंपनी पुण्याची. ४८केचं सॉफ्टवेअर तसंच चालतं आणि वर लिहिलेल्या तपासण्याही तशाच लागू पडतात. आरएफने (टीव्हीच्या अँटेनाच्या वाटेने) जोडणार असाल तर एक ध्यानात ठेवा, सिंक्लेअरचा मॉड्युलेटर यूएचएफ चॅनेल ३६वर चित्र सोडतो. नुसता व्हीएचएफ ट्यूनर असलेल्या जुन्या टीव्हीला ते सापडणारच नाही. इंग्लंड आणि भारताच्या पाल टीव्ही पद्धतीत आवाजाच्या कॅरिअरचं अंतर वेगळं आहे (६ आणि ५.५ मेगाहर्ट्झ), पण इथे त्याने काही अडत नाही. स्पेक्ट्रमचा आवाज आतल्या बीपरमधून येतो, टीव्हीतून नाही.

फीतवाली

आता ‘आर’ एररकडे वळू, ते कुणी नीट घेतलंच नाही.

बॉर्डर बघायला शिका, सगळं तिथे लिहिलेलं असतं. सुरुवातीला लाल आणि आकाशी जाड पट्टे येतात, तो पायलट टोन. हेडरआधी सुमारे ५ सेकंद, डेटाआधी सुमारे २ सेकंद. मग निळे आणि पिवळे बारीक पट्टे, तो डेटा. पायलट साधारण ८०७ हर्ट्झ, शून्याचा बिट २०४७ हर्ट्झ, एकचा बिट १०२३.

पट्टे येतच नाहीत किंवा लाल-आकाशी रंग नुसते लुकलुकतात : आवाज कमी. पायलट स्थिर आणि डेटात मध्येच एरर : आवाज फुटतोय, नाहीतर फाइलमध्ये घोळ आहे. दर वेळी अगदी एकाच जागी एरर : फाइलच खराब, दुसरी घ्या. दर वेळी वेगळ्या जागी : केबल, जॅक किंवा फोन.

फोनवरून लोड करताना हे पाळा, ताई किती बारकाईने लिहिते म्हणून हसू नका :

फाइल वेव्हच हवी, ४४.१ किलोहर्ट्झ, मोनो. एमपी३ अजिबात नको. शून्याचा अर्धा पल्स म्हणजे ८५५ टी-स्टेट (प्रोसेसरच्या घड्याळाचे ठोके), वेव्हमध्ये जेमतेम ११ सॅम्पल. एमपी३ ती कडा बोथट करते, आणि रॉम मोजतो ती कडेपासून कडेपर्यंतची वेळ. इक्वलायझर, सराउंड, आवाज समान करणाऱ्या सगळ्या सोयी बंद. फोन एअरप्लेन मोडवर. ४० किलोबाइट लोड व्हायला चार मिनिटांच्या आसपास लागतात, तेवढ्यात एक मेसेज ‘टिंग’ करून आला की पुन्हा पहिल्यापासून. व्हॉल्यूम पूर्ण ठेवून सुरुवात करा. बऱ्याच फोनचं हेडफोन आउटपुट जुन्या टेपरेकॉर्डरच्या मानाने फार अशक्त असतं, त्यामुळे पूर्ण आवाजही पुरत नाही. तेव्हा मध्ये पॉवर्ड स्पीकरचा हेडफोन जॅक किंवा छोटा हेडफोन ॲम्प्लिफायर घाला. फोनला हेडफोन जॅकच नसेल तर यूएसबी-सी डोंगल चालतं, ब्लूटूथ नाही.

फोनचा जॅक स्टिरिओ, स्पेक्ट्रमचा ‘इअर’ मोनो. स्टिरिओ प्लग अर्धवट बसला की कधी एकच चॅनेल लागतो, कधी काहीच नाही. स्टिरिओ ते मोनो केबल घ्या.

खऱ्या कॅसेटवरून करणाऱ्यांसाठी : हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, मग ॲझिमथ (हेडचा कोन). हेडच्या शेजारी स्प्रिंगवाला बारीक स्क्रू असतो. पायलट नाही, *डेटा* वाजवत तो पाव-पाव वळण फिरवा. आवाज सगळ्यात तीक्ष्ण, किरकिरा ऐकू येईल तिथे थांबा. बोजड वाटला म्हणजे अजून चुकतंय. ट्रेबल पूर्ण, बास शून्य. आणि ती कॅसेट दुसऱ्याच रेकॉर्डरवर भरली असेल तर तुमच्या हेडचा कोन तिच्याशी जुळवावा लागतो, दर कॅसेटला वेगळा.

गोगलगाय

एवढी यातायात कशाला? डिव्हएमएमसी लावा, एसडी कार्डावर टॅप फाइल टाका, दोन सेकंदांत गेम. नाहीतर सरळ ‘फ्यूज’ एम्युलेटर.

फीतवाली

लावा की, कोण नाही म्हणतंय. फक्त मागच्या एज कनेक्टरला काहीही लावताना-काढताना पॉवर बंद ठेवा, आणि कनेक्टरमधली की-वे खाच जुळते का बघा. किंचित सरकलं तरी ९ व्होल्टची लाइन शेजारच्या पिनला टेकते. आणि कमी पॉवरने रीसेट होणारं मशीन डिव्हएमएमसी लावल्यावर आणखी लवकर रीसेट होईल, कारण तेही त्याच ५ व्होल्टवर जगतं.

पिटलेन

चला, आता गाडीकडे.

‘चेकर्ड फ्लॅग’मध्ये शर्यत आहे पण प्रतिस्पर्धी नाहीत. ट्रॅकवर तुम्ही एकटे, लढाई घड्याळाशी. हे कळलं नाही की नवा माणूस दोन लॅपमध्ये कंटाळतो आणि गेमला नावं ठेवतो. १९८३मध्ये घरच्या कॉम्प्युटरवर चालकाच्या जागेवरून दिसणारा रस्ता, आरपीएम, इंधन, तापमान आणि गिअर हे एकत्र मिळणं हीच मोठी गोष्ट होती. त्याकडे सिम्युलेटर म्हणून बघा.

गाड्या तीन. सायऑन पेगॅसस ऑटोमॅटिक, सुरुवात तिच्यावर करा. मॅकफास्टर स्पेशल आणि फेरेट्टी टर्बो मॅन्युअल. फेरेट्टीला वेग आहे पण ती माफ करत नाही. ट्रॅक दहा. त्यांत सिल्व्हरस्टोन, मॉन्झा, मोनॅको असे खरे आहेत आणि ‘केंब्रिज रिंग’सारखे चावटही. केंब्रिज रिंग हे केंब्रिज विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत तयार झालेलं संगणकांचं नेटवर्क.

रस्त्यावर तेल, पाणी आणि काचा येतात. वळणावर तेल दिसलं तर ब्रेक तेलाच्या *आधी* संपवा. सुरुवातीला मोनॅको टाळा. एक सोपा ट्रॅक घेऊन त्याच गाडीने त्याचं लॅप टायमिंग खाली आणत राहा, कुठे गॅस सोडायचा ते पाठ होतं. मॅन्युअल गाडीत तापमानाचा काटा विसरू नका. खालच्या गिअरमध्ये इंजिन किंचाळवत ठेवलं की सगळ्यांची गत एकच होते.

मिसळ_आणि_मेगाहर्ट्झ

वळताना गिअर बदलला की कधीकधी दाबलेलीच नाही अशी की लागते. मेम्ब्रेन (कीबोर्डाखालचा पातळ पडदा) गेलं?

सोल्डरकाका

मेम्ब्रेन गेलं की सहसा एका अर्ध्या ओळीच्या पाचही कीज एकदम मुक्या होतात, कारण शेपटीची एक वाट तुटलेली असते. तुमचं घोस्टिंग आहे. कीबोर्ड म्हणजे ८ बाय ५ची जाळी. चौकोनाच्या तीन कोपऱ्यांवरच्या कीज एकदम दाबल्या की चौथा कोपराही दाबल्यासारखा वाचला जातो. यात दोष नाही, रचनाच तशी.

खात्री करायची तर बेसिकमध्ये ‘इन ६५०२२’ सतत छापत ठेवा. ही ‘ए’ ते ‘जी’ची अर्धी ओळ. काही दाबलेलं नसताना १९१ किंवा २५५ दिसेल (बोर्डाच्या आवृत्तीवर आणि इअरच्या स्थितीवर ठरतं). ‘ए’ दाबली की १ने कमी, ‘एस’ २ने, ‘डी’ ४ने, ‘एफ’ ८ने, ‘जी’ १६ने. न दाबता आकडा कमी होत असेल तर मेम्ब्रेन चिकटलंय.

मिसळ_आणि_मेगाहर्ट्झ

कळलं. आता मोठा प्रश्न. मला स्वतः असा गेम लिहून बघायचाय, स्पेक्ट्रमच्या झेड८० प्रोसेसरच्या असेंब्लीत. रस्ता काढायलाच एवढा वेळ लागतो की सेकंदाला पाच चित्रंही होत नाहीत. त्या लोकांनी कसं जमवलं?

झेडऐंशी

पूर्ण स्क्रीन कॉपी करत असाल, पैज लावतो. हिशेब करून बघा.

प्रोसेसर ३.५ मेगाहर्ट्झ, फ्रेम ५० हर्ट्झ, एका फ्रेमला ६९,८८८ टी-स्टेट. पिक्सेलची मेमरी ६,१४४ बाइट. मेमरी कॉपी करणारी एलडीआयआर ही सूचना दर बाइटला २१ घेते, म्हणजे १,२९,०२४. नुसती कॉपी करायलाच जवळपास दोन फ्रेम. एलडीआयची रांग लावली तर १६ प्रमाणे ९८,३०४. तरी नाहीच बसत.

उपाय दोन, आणि दोन्ही एकत्र वापरायचे.

पहिला, आकाशाला हात लावू नका. क्षितिज ९६व्या ओळीवर ठेवा, खालच्या ९६ ओळीच रंगवा. दुसरा, स्टॅक पॉइंटर (एसपी) स्क्रीनवर नेऊन पुशने भरा. एका पुशला ११ टी-स्टेट आणि बाइट दोन. ओळीला ३२ बाइट म्हणजे १६ पुश, १७६ टी-स्टेट. ९६ ओळींना १६,८९६. प्रोसेसरच्या बीसी रजिस्टरमध्ये गवताचा नमुना, डीईमध्ये रस्त्याचा. किती पुश गवताचे आणि किती रस्त्याचे हे उलगडून लिहिलेल्या कोडमध्ये योग्य जागी उडी मारून ठरवा, मग दोन कडांचे बाइट वेगळे दुरुस्त करा. या उठाठेवीला ओळीमागे १०० धरले तरी एकूण २६,५०० होतात.

पुश उलटा चालतो, उजवीकडून डावीकडे. म्हणून एसपीमध्ये ओळीच्या सुरुवातीचा पत्ता अधिक ३२ टाका. आणि *डीआय (इंटरप्ट बंद करणारी सूचना) विसरू नका*. मधेच इंटरप्ट आला तर परतीचा पत्ता थेट स्क्रीनवर लिहिला जातो, रस्त्यात दोन बाइटचा कचरा दिसतो. कधीतरी चमकून जाणारे ठिपके दिसत असतील तर कारण हेच.

स्क्रीनच्या ओळी मेमरीत सरळ क्रमाने नाहीत, ६४ ओळींचे तीन भाग आणि त्यात आठाआठाची उडी. पत्ता दर वेळी मोजत बसू नका. १९२ पत्त्यांचा तक्ता करून ठेवा, ३८४ बाइट लागतात.

आता परस्पेक्टिव्ह. क्षितिजापासून खाली ओळ क्रमांक के, १ ते ९६. रस्त्याची अर्धी रुंदी केच्या प्रमाणात, तळाला १२० पिक्सेल हवी तर के गुणिले सव्वा. अंतर केच्या व्यस्त प्रमाणात, ९६० भागिले के घ्या. तळाला १०, अर्ध्यावर २०, के २४ असताना ४०. के ४ असताना २४० येतं, त्याच्या वर एका बाइटमध्ये मावत नाही, म्हणून सगळ्यात वरच्या तीन ओळींना पट्टे देऊच नका. तसेही तिथे दिसत नाहीत. भागाकार गेममध्ये कधीच करू नका, ९६ बाइटचा तक्ता आधीच भरून ठेवा. या अंतरात गाडीची पुढे सरकलेली जागा मिळवून एक बिट तपासा, तो शून्य की एक यावर गवताचा गडद किंवा फिका नमुना. पट्टे तुमच्याकडे धावत येताना दिसतात ते यामुळे, रस्ता मुळीच हलत नाही.

वळण म्हणजे निव्वळ बेरीज. तळापासून वर जाताना दर ओळीला डीएक्समध्ये (मध्यरेषा किती सरकायची तो आकडा) एक स्थिरांक मिळवा आणि मध्यरेषेत डीएक्स मिळवा. आठ बिट पूर्णांक, आठ बिट अपूर्णांक. ९६ ओळींनंतर रस्ता ४,६५६ गुणिले स्थिरांक भागिले २५६ इतका सरकतो. स्थिरांक ५ ठेवला तर क्षितिजावर ९१ पिक्सेल. म्हणजे −६ ते +६ एवढ्यातच सगळी वळणं बसतात. एका वळणातून दुसऱ्यात जाताना स्थिरांक एकदम बदलू नका, काही फ्रेमना एकेकाने बदला, नाहीतर रस्ता झटका खातो.

मिसळ_आणि_मेगाहर्ट्झ

पुशने केलं, वेग एकदम वाढला! पण रस्ता मधोमध फाटल्यासारखा दिसतो, वरचा भाग नव्या फ्रेमचा आणि खालचा जुन्या.

झेडऐंशी

बीमच्या (टीव्हीवर ओळीमागून ओळ चित्र काढणाऱ्या किरणाच्या) पुढे राहायला हवं. सगळी आकडेमोड आधी करून कडांचे आकडे तक्त्यात ठेवा, मग हॉल्ट (पुढच्या इंटरप्टपर्यंत थांबवणारी सूचना), आणि हॉल्टनंतर लगेच फक्त रंगवायचं, वरून खाली.

इंटरप्टपासून स्क्रीनची पहिली ओळ सुरू व्हायला १४,३३६ टी-स्टेट. पुढे ओळीला २२४. बीम ९६व्या ओळीवर पोचतो १४,३३६ + २१,५०४ = ३५,८४० ला. तुमचं काम २६,५०० आहे, म्हणजे बीम यायच्या आत संपतं. मात्र पहिल्या १४,३३६ नंतर यूएलए (चित्र तयार करणारी चिप) स्क्रीनची मेमरी वाचायला लागतो आणि तुमचं प्रत्येक लिहिणं थोडं अडखळतं. उरलेल्या कामाला पाव-तीस टक्के जास्त धरा, तरी ३०,०००च्या आसपास. आकाशात ढग किंवा डोंगर हलवणार असाल तर ते याच वेळेत करू नका, ही शिल्लक तिथेच संपते. आणि कोड व तक्ते ३२७६८च्या वर ठेवा. खाली ठेवलेत तर कोड वाचतानाही अडखळ बसेल.

गोगलगाय

आणि रंग? पट्टे हिरवे-पांढरे करायचे, रस्ता राखाडी, गाडी लाल.

झेडऐंशी

स्वप्न सोडा. ८ बाय ८च्या चौकटीत दोनच रंग. कडा तिरकी जाते, तिथे गवत, रस्ता आणि पट्टा असे तीन रंग एका चौकटीत येणारच. म्हणून चांगल्या लोकांनी रस्त्याचा भाग दोन रंगांत ठेवला आणि गवत-रस्ता हा फरक ठिपक्यांच्या नमुन्याने दाखवला. ओशनचा १९८९चा ‘चेस एच.क्यू.’ बघा. खेळाचा भाग बहुतेक दोन रंगांचा, तरी स्पेक्ट्रमवरच्या उत्तम रेसिंग गेममध्ये त्याचं नाव निघतं. रंगांची हौस आकाशात आणि डॅशबोर्डवर भागवा, तिथे चौकटी तुमच्या हातात असतात.

मिसळ_आणि_मेगाहर्ट्झ

शेवटचं. इंजिनाचा आवाज घातला की बॉर्डर लुकलुकते आणि गाडी हळू होते.

झेडऐंशी

बीपर म्हणजे पोर्ट २५४चा चौथा बिट. त्याच पोर्टचे ० ते २ बिट बॉर्डरचा रंग ठरवतात. नुसते १६ आणि ० पाठवलेत तर बॉर्डर दर वेळी काळी होते. काळी हवी असेल तर उत्तम, नाहीतर दोन्ही किमतींमध्ये बॉर्डरचा रंग मिळवून पाठवा.

हळू होण्याचं कारण, आवाज प्रोसेसरच काढतो, वेगळी चिप ४८केमध्ये नाही. तेव्हा फ्रेममागे ठरावीक तुकडाच वाजवा, सहा-आठ हजार टी-स्टेट, रंगवून झाल्यावर आणि आकडेमोडीच्या आधी. आरपीएम वाढेल तसं दोन टकटकींमधलं अंतर कमी करा पण तुकड्याची *एकूण* लांबी तीच ठेवा. अंतराबरोबर लांबीही बदलू दिलीत तर इंजिनाच्या आवाजाप्रमाणे गेमचा वेग बदलेल.